मांजरीच्या उंचीवरून

वेल्गाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं,
"चेहरे काढायचे नाहीत."
मी पेन्सिल खाली ठेवली.
मुलांचं पुस्तक, आणि चेहरे नाहीत?
"गोष्ट मांजरी सांगतेय," त्या म्हणाल्या,
"तिला काय दिसतं ते आधी बघून या."

मग लिएपायातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात
मी, बावन्न वर्षांचा, गुडघे धरलेला माणूस,
दुपारभर फरशीवर पालथा पडून होतो.
टेबलाच्या पोटाला सुतारानं लिहून ठेवलेला आकडा.
राईच्या पावाचा चुरा.
बर्फाचं पाणी सुकल्यावर
बुटांभोवती उरलेली मिठाची पांढरी रेघ.
या गावात वाऱ्यामुळे एकही दार धड लागत नाही;
फटीतून येणारी गार पट्टी
नेमकी माझ्या कानाच्या पातळीवर.
दारातले ते भलेमोठे बूट कुणाचे, विचारलं.
"प्लंबरचे," त्या म्हणाल्या. "विसरून गेलाय मेला."

मांजरी महा आढ्यतेखोर.
घर तिचं, माणसं पोटभाडेकरू,
तीही गुडघ्यापर्यंतच.
प्रत्येक प्रकरणाची सुरुवात तीच:
"दारात बुटांचे चार जोड.
सगळ्यात मोठ्या बुटात मी झोपते."
सहा वेळा हेच!
मी वैतागलो. म्हटलं, बाई, शब्दांची एवढी टंचाई?
"पायऱ्या पायांना पाठ व्हाव्या लागतात," त्या म्हणाल्या,
"त्याशिवाय एखादी नसली
तर पाय पोकळीत कसा पडेल?"

सातवं प्रकरण.
"दारात बुटांचे तीन जोड.
आज मी टोपलीत झोपले. टोपलीही वाईट नसते."
बस्स.
पुढच्या ओळीत लगेच माशाच्या डोक्यावरून भांडण.

रिगाहून संपादक गुंडेगाचा फोन.
एक वाक्य घाला, फक्त एक!
वडील कुठे गेले, मुलांना कळायला नको?
वेल्गाबाईंनी चहात पाव बुडवला.
"मांजरीलाच माहीत नाही, गुंडेगा.
ती बिचारी काय सांगणार?"
दोन आठवडे घासाघीस चालली.
शेवटी तडजोड म्हणून
बाईंनी एक स्वल्पविराम दिला:
"आज मी, टोपलीत झोपले."
तोही कुरकुरत.

मी मात्र कुणाला न विचारता
त्या पानावर, रिकाम्या जागी,
सगळ्यात कठीण पेन्सिलीनं
मिठाची रेघ काढून ठेवली.
बाईंनी पाहिली असणार. बोलल्या नाहीत.

मार्चमध्ये पाविलोस्ताच्या वाचनालयात वाचन होतं.
खिडकीबाहेर उलट्या घातलेल्या होड्या,
आत सव्वीस मुलं, ओल्या लोकरीचा वास.
मांजरीच्या तोऱ्यावर ती खिदळत होती,
चौथ्या प्रकरणापासून तर
"चार जोड" बाईंच्या आधी तीच ओरडू लागली.
सातव्यातही ओरडली, सवयीनं,
आणि ओरडून झाल्यावर गप्प झाली.

पुढे बसलेला एक मुलगा उठला.
रेइनिस, पायांत वेगवेगळ्या रंगांचे मोजे.
त्यानं बाईंच्या हातातून पुस्तक सरळ काढून घेतलं,
मागची पानं उलटली, मोजलं,
परत सातव्यावर आला.
रेघेवरून बोट फिरवलं. "इथे होते."
आणि मग, तक्रार केल्यासारखं,
"मांजरीला माहितेय. ती खोटं बोलतेय."

"कशावरून?" वेल्गाबाईंचा आवाज मला नवा होता.

"तुम्ही मधेच थांबलात ना.
'आज मी' म्हणून थांबलात.
माझी आईपण तिथेच थांबते."

बाईंनी चष्मा काढला, पुसला,
आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला.
मुलं वाट बघत होती. शेवटी त्यानंच
पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं
आणि माशाच्या भांडणावर बोट टेकवून म्हणाला,
"इथून वाचा."

परतताना पन्नास किलोमीटर आम्ही बोललो नाही.
उजवीकडे पाइनची झाडं, त्यांच्यामागे समुद्र
दिसत नव्हता, ऐकू येत होता.
गावाची पाटी आली तेव्हा त्या म्हणाल्या,
"त्या स्वल्पविरामाचं
गुंडेगाला सांगू नका."